दुसरा भाग, दुसऱ्यांदा

सिनेमाचा दुसरा भाग पाहून माणसे बाहेर पडतात तेव्हा निकाल जवळजवळ ठरलेला असतो: ठीक आहे, पण पहिल्याची सर नाही. वर्ष-दोन वर्षांनी तोच सिनेमा घरी टीव्हीवर लागतो, जेवता जेवता पाहिला जातो आणि तीच माणसे म्हणतात, तेव्हा उगाच नावे ठेवली, तसा बरा आहे की! कधी उलटेही होते. थिएटरात शिट्ट्या घेतलेला दुसरा भाग घरी पंधरा मिनिटांत बेचव लागतो. या मतबदलाची दोन कारणे सहसा दिली जातात. पहिले, अपेक्षांचे ओझे उतरलेले असते. दुसरे, पुन्हा पाहताना बारकावे दिसतात. दोन्ही खरी आहेत, पण ती कुठल्याही सिनेमाला लागू पडतात, म्हणून अपुरी आहेत. दुसऱ्या भागाचे दुखणे खास त्याचे आहे. तो पहिल्यांदा पाहताना आपण वीस-पंचवीस वेळा पाहिलेल्या सिनेमाशी एकदाच पाहत असलेल्या सिनेमाची झुंज लावत असतो. दुसऱ्यांदा पाहताना ही झुंज थोडी बरोबरीची होते आणि मत हलते ते मुख्यतः त्यामुळे. पहिला भाग किती वेळा, कुठे आणि कशावर पाहिला गेला, यावर ही विषमता ठरते. म्हणून हा प्रश्न आवडीनिवडीचा जितका आहे तितकाच इतिहासाचा आहे. पुन्हा पाहण्याची आपली रीत कशी घडत गेली ते तपासल्याशिवाय तो सुटत नाही.

मोठ्या शहरात थिएटर कायम हाताशी होते, त्यामुळे तिथे ही रीत नीट दिसत नाही. ती पाहायला पुणे-सोलापूर रस्त्यावर यावे लागते. भिगवण मागे टाकून इंदापूरकडे निघाले, डाव्या अंगाला उजनी धरणाचे पाणी दिसू लागले, की डाळजची हद्द येते. सरकारी दप्तरात डाळज नंबर 1, 2 आणि 3 अशी तिची नोंद आहे. अशा लहान गावांत पक्के थिएटर सहसा नसायचे. ते तालुक्याच्या किंवा मोठ्या बाजाराच्या गावी. खेड्यातला सिनेमा आला तो जत्रेबरोबर, तंबूतून. दिवाळी उलटली की टुरिंग टॉकीजचे ट्रक पश्चिम महाराष्ट्रात फिरू लागत आणि पावसाच्या तोंडावर परतत. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या किंवा पालच्या खंडोबाच्या मोठ्या यात्रेत एकाशेजारी एक तंबू लागत आणि प्रत्येकाचा भोंगा दुसऱ्याच्या वरताण ओरडत असे. प्रोजेक्टर ट्रकच्या हौद्यातच पक्का बसवलेला असे. ट्रक कनातीच्या टोकाला उभा केला की झाली प्रोजेक्टरची खोली. समोर मातीवर प्रेक्षक, बहुधा एका बाजूला बायामाणसे आणि दुसऱ्या बाजूला पुरुष.

त्या ट्रकमधले रीळ जरा जवळून पाहण्यासारखे आहे. 35 मिलिमीटरच्या हजार फुटी रिळात सुमारे अकरा मिनिटांचा सिनेमा मावतो. अडीच तासांच्या सिनेमाची अशी चौदाएक रिळे होतात. गावोगाव फिरलेली प्रिंट जिथे तुटे तिथली फाटकी फीत कापायची, टोके घासायची आणि सोल्यूशन लावून चिकटवायची. दर जोडात काही चौकटी कायमच्या जात. कुठे संवादाचे शेपूट तुटे, कुठे गाण्यातून नायिका एकदम झाडाच्या पलीकडे उगवे. खेळ वाढवायचे असले की एखादे रीळ गाळलेही जाई. म्हणजे यंदा एका जत्रेत पाहिलेला सिनेमा पुढच्या वर्षी दुसऱ्या जत्रेत पाहिला, तर तो शब्दशः तोच नसे. दुसऱ्यांदा पाहताना मत बदलले, तर त्यात प्रेक्षकाच्या मनाइतकाच त्या फितीचाही हात असे. आज मतबदल म्हटले की आपण सगळे माप पाहणाऱ्याच्या पदरात टाकतो. तंबूच्या काळात ते अर्धेच त्याचे होते.

त्या काळात दुसऱ्या भागाविषयी कुरकुर फारशी ऐकू येत नाही, आणि हे मला फार महत्त्वाचे वाटते. दुसरे भाग नव्हतेच असे नाही. दादासाहेब फाळक्यांनी 1918 मध्ये ‘श्रीकृष्ण जन्म’ काढला आणि 1919 मध्ये ‘कालिया मर्दन’. कथेच्या ओघात दुसरा पहिल्याचा पुढचा भागच आहे, पण कोणी त्याला तसे म्हटले नाही. प्रेक्षक दोन्ही सिनेमांची तुलना एकमेकांशी करत नव्हता. तो दोन्ही सिनेमे त्याला आधीपासून ठाऊक असलेल्या कृष्णकथेशी ताडून पाहत होता. फाळक्यांनी 1913 चा ‘राजा हरिश्चंद्र’ 1917 मध्ये पुन्हा केला, तेही याच भरवशावर. कथा माहीत असणे हा रसभंग नव्हता, ती रसाची पूर्वअट होती. तुकोबांची पालखी दरवर्षी बारामतीहून सणसर, निमगाव केतकी करत इंदापुरात येते. त्या वाटेवरच्या कीर्तनाला बसणारा माणूस प्रल्हादाचे पुढे काय होणार हे कळावे म्हणून बसत नाही. आख्यान त्याने शंभरदा ऐकलेले असते; आजचा बुवा ते कसे रंगवतो एवढेच त्याला पाहायचे असते. तमाशाच्या वगाचेही तसेच. अशा श्रोत्याचे पहिले ऐकणे कधीच पहिले नसते. प्रभातचा ‘संत तुकाराम’ 1936 मध्ये मुंबईच्या सेंट्रलमध्ये सत्तावन्न आठवडे चालला. पुढे दादा कोंडक्यांच्या एकामागून एक सिनेमांनी रौप्यमहोत्सव केले. पंचवीस आठवडे सिनेमा चालायचा, तर तीच माणसे पुन्हा पुन्हा तिकीट काढायला यावी लागतात. पुन्हा पाहणे ही तेव्हा गर्दीची सवय होती.

कुरकुरीला जागा झाली ती पडद्याने स्वतःची पात्रे घडवली तेव्हा. ‘हंटरवाली’ 1935 ची, ‘हंटरवाली की बेटी’ 1943 ची. तिच्यामागे पुराण नव्हते, फक्त आधीचा सिनेमा होता. दुसऱ्या भागाला ताडून पाहायला आता कथा उरली नाही, एक विशिष्ट सिनेमाच उरला. तरी आठ वर्षांच्या अंतरात तो पहिला सिनेमा फारसा हाताशी नसे. त्याची आठवण पुसट असे आणि पुसट आठवणीशी नव्या सिनेमाला झगडता येते.

ही आठवण घट्ट केली दूरचित्रवाणीने. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झाले आणि पुढच्या दोन दशकांत गावागावांत संच पोहोचले. आधी एका घरी संच आणि ओसरीवर सगळी आळी असे चित्र होते, मग घरोघरी तो आला. मराठी सिनेमा मात्र ठरलेल्या वेळी, मोजकाच मिळे. खरा बदल झाला तो उपग्रह वाहिन्यांनी: 1999 मध्ये अल्फा मराठी आली, 2000 मध्ये ईटीव्ही मराठी आणि 2007 मध्ये दिवसभर फक्त मराठी सिनेमे दाखवणारी झी टॉकीज. या वाहिन्यांना रोजचे तास भरायचे होते आणि गाजलेले मराठी सिनेमे होते मूठभर. म्हणून तेच पुन्हा पुन्हा लागले. ‘अशी ही बनवाबनवी’ 1988 चा आणि ‘झपाटलेला’ 1993 चा, पण आज महाराष्ट्राच्या जिभेवर असलेले हे सिनेमे बऱ्याच अंशी या वाहिन्यांनी घडवले आहेत. ते मुळात चांगले होते आणि चाललेही होते, यात शंका नाही. पण थिएटरात चाललेला सिनेमा वेगळा आणि ज्यातला पुढचा संवाद घरातले पोर आधीच म्हणते तो वेगळा. त्यातच डिसेंबर 2004 मध्ये या दोन्ही सिनेमांतले लक्ष्मीकांत बेर्डे, सगळ्यांचा लक्ष्या, गेले. त्यानंतर लक्ष्या पडद्यावर येई तो गेलेले माणूस पुन्हा भेटावे तसा. पहिल्या भागाची बाजू इथे इतकी जड झाली की कोणत्याही नव्या सिनेमाला ती उचलणे शक्य नव्हते.

जून 2013 मध्ये महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला 2’ आला, वीस वर्षांनी आणि थ्रीडीत. पहिल्या भागातल्या खुन्याचा, तात्या विंचूचा, जीव पुन्हा बाहुल्यात येतो आणि या वेळी समोर असतो लक्ष्याचा मुलगा. ती भूमिका आदिनाथ कोठारेची. पहिल्या पाहण्यात प्रेक्षक काय शोधतो? लक्ष्याला. प्रत्येक प्रसंगात जिथे लक्ष्या असायला हवा होता तिथे तो नाही, हीच गोष्ट त्याला दिसत राहते. मुलगा दिसतो तो बापाची रिकामी जागा म्हणून. मकरंद अनासपुरेंचा विनोदही दुसऱ्या कोणाच्या तरी जागेवर बसल्यासारखा वाटतो. जुन्या संगीताचा तुकडा वाजला, तात्या विंचूचा तो मंत्र पुन्हा कानावर आला की टाळी पडते, पण ती टाळीही 1993 लाच असते. असा माणूस बाहेर येऊन पहिल्याची सर नाही म्हणाला, तर तो खोटे बोलत नाही. मात्र दोन-अडीच तास तो दोन सिनेमे एकावर एक ठेवून पाहत होता.

दुसऱ्यांदा पाहताना लक्ष्या येणार नाही हे पक्के ठाऊक असते. शोध थांबतो आणि नजर जे आहे त्यावर पडते. सगळ्यात आधी ती बाहुल्यावर पडते. रामदास पाध्यांनी घडवलेला आणि नाचवलेला हा बाहुला म्हणजे य. के. पाध्ये यांच्यापासून त्या घरात चालत आलेल्या बोलक्या बाहुल्यांच्या विद्येचे फळ. बोलका बाहुला अर्धवटराव ज्या घरचा, त्याच घरचा तात्या विंचू. बाहुल्याचे डोळे आधी फिरतात, मान नंतर वळते, जबडा शब्दाच्या वजनाने उघडतो आणि त्याला दिलीप प्रभावळकरांचा आवाज मिळतो. हे कसब दुसऱ्या भागातही उणे नाही, पण पहिल्या पाहण्यात त्याकडे लक्ष द्यायला सवडच नसते. उलट ज्या जागांवर पहिल्यांदा टाळी पडली त्या आता ओसाड वाटतात. जुन्या सिनेमाची आठवण करून देणारी खूण एकदाच लागू पडते. दुसऱ्यांदा तिच्यात काही उरत नाही. बाहुला वर जातो, खुणा खाली येतात. मत एका दिशेने सरकत नाही, सिनेमाच्या आतल्या आत वरखाली होते. ‘नवरा माझा नवसाचा’च्या दुसऱ्या भागाचेही असेच. 2004 मध्ये गणपतीपुळ्याच्या एसटीत कंडक्टर असलेले अशोक सराफ 2024 मध्ये कोकण रेल्वेत टीसी होऊन येतात, तेव्हा पहिल्या भेटीचा आनंद मोठा असतो. पण तो त्या भेटीपुरताच. दुसऱ्या पाहण्यात त्या टीसीला स्वतःच्या बळावर उभे राहावे लागते.

यावर पहिला आक्षेप असा येईल की हे सारे ओळखीचे खेळ आहेत. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने 1968 मध्ये दाखवले होते की एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर आली तरी ती आवडू लागते. मग दुसऱ्यांदा पाहिलेला दुसरा भाग आवडला यात नवल काय? पण मग सगळेच दुसरे भाग, त्यांतले सगळेच प्रसंग, दुसऱ्या पाहण्यात वर जायला हवेत. तसे होत नाही, हे आत्ताच्याच उदाहरणांत दिसले. ओळखीचे पारडे खरे भरते ते पहिल्या भागाचे, आणि विषमता तिथूनच येते. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: ज्यांना दुसरा भाग मुळीच आवडला नाही ते तो पुन्हा पाहायला बसतच नाहीत, म्हणून मत सुधारल्याचा भास होतो. तिकीट काढून पाहण्यापुरते हे मान्य करायला हवे. म्हणूनच टीव्हीची साक्ष मला मोलाची वाटते. घरातल्या एकुलत्या एका संचावर जे लागले ते सगळ्या घराने पाहिले. त्यात निवड करणारा एक आणि पाहणारे सहा. ज्याने थिएटरातून नाक मुरडत बाहेर पाय ठेवला होता, तोही तिथे ताट घेऊन बसलेला असे.

तिसरा आक्षेप रोखठोक आहे: पहिला भाग खरोखरच चांगला असतो आणि दुसरा पैशासाठी काढलेला असतो, त्याला इतिहासाची झालर कशाला? अनेक दुसरे भाग पैशासाठीच निघतात, आणि वाईट सिनेमा दहादा पाहिला तरी वाईटच राहतो. पण पहिला म्हणजे अस्सल, ही समजूत तपासून घ्यावी. ‘झपाटलेला’ स्वतः 1988 च्या एका अमेरिकन सिनेमावर बेतलेला आहे. खुन्याचा जीव बाहुल्यात जातो ही कल्पना तिथली. ज्यांनी तो व्हिडिओ कॅसेटवर आधी पाहिला होता त्यांना तात्या विंचू नक्कल वाटला असणार. ज्यांनी पाहिला नव्हता त्यांना तो श्रीरंगपूर गावातला आपला वाटला. ‘अशी ही बनवाबनवी’च्या आधी हृषिकेश मुखर्जींचा 1966 चा ‘बीवी और मकान’ होता, पण त्याची सर नाही असे म्हणणारा मराठी माणूस शोधून सापडणार नाही, कारण तो सिनेमा फारसा कोणी पाहिलेलाच नाही. तुलना गुणांवरून सुरू होत नाही. ती सुरू होते आधी काय पाहिले यावरून. परदेशातही वेगळे घडले नाही. ‘गॉडफादर’चा दुसरा भाग 1974 मध्ये आला तेव्हा न्यूयॉर्क टाइम्सच्या विन्सेंट कॅन्बी यांच्यासारख्या वजनदार समीक्षकाने तो झोडपला होता, पुढे त्याची गणना थोर सिनेमांत झाली, कित्येकांच्या मते पहिल्याच्याही वर.

उजनीकाठच्या माणसांना या सगळ्यातली एक बाजू, आठवणीशी होणारी तुलना, समजावून सांगायला नको. 1980 च्या सुमारास धरण पुरे झाले आणि भीमेकाठची गावे पाण्याखाली गेली. त्यानंतर नव्या गावठाणातले प्रत्येक घर, प्रत्येक देऊळ मनातल्या जुन्या गावाशी तोलले गेले. दुष्काळात पाणी हटले की पळसदेवचे जुने मंदिर उघडे पडते आणि लोक ते पाहायला जातात. सांगण्यात वाढत गेलेले गाव आणि समोर उभा दगड यांचा मेळ तेव्हा घालता येतो. दुसऱ्या भागाला न्याय द्यायचा तर पहिलाही एकदा असा, आठवणीतून बाहेर काढून, पुन्हा पाहावा लागतो.

याच पाण्यापलीकडे, करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळेंनी ‘सैराट’ केला. 29 एप्रिल 2016 ला तो प्रदर्शित झाला. त्याला दुसरा भाग नाही, पण मध्यंतरानंतरचा सिनेमा हा मध्यंतराआधीच्या सिनेमाचा दुसरा भागच आहे. विहिरी, बागा, पाणी, गाणी हे सगळे मागे पडते आणि परक्या शहरातली खोली, कष्ट, भांडणे सुरू होतात. पहिल्या पाहण्यात अनेकांची तक्रार हीच होती की उत्तरार्ध रेंगाळतो. मराठीत तोवर न दिसलेली गर्दी या सिनेमाने खेचली, आणि त्या गर्दीत पुन्हा येणारे पुष्कळ होते. शेवट ठाऊक असलेल्या माणसाला पूर्वार्धातली मजाच अवघड वाटू लागते. परशा आणि आर्ची या जोडप्याच्या प्रत्येक हसण्यावर त्या शेवटाची सावली पडते. आणि तो रेंगाळणारा उत्तरार्ध? त्यांच्या वाट्याला आलेला संसार एवढाच, म्हणून त्यातला प्रत्येक साधा दिवस हवासा वाटतो. माझ्या म्हणण्याचा याहून चांगला पुरावा मला ठाऊक नाही. इथे दोन्ही भाग सारख्याच वेळा पाहिलेले असतात, आणि पारडे समान झाल्याबरोबर दुसऱ्याचे वजन कळते.

आता पुन्हा पाहण्याची रीत परत बदलते आहे. सिनेमा फोनवर आला, हवा तेव्हा हवा तिथून पाहता येऊ लागला आणि तुकड्यातुकड्यांनी पाहिला जाऊ लागला. गंमत अशी की याच काळात थिएटरनेही पुन्हा पाहणे परत मागवले. राही अनिल बर्वे यांचा 2018 चा ‘तुंबाड’ सप्टेंबर 2024 मध्ये पुन्हा प्रदर्शित झाला, पहिल्या खेपेपेक्षा जास्त चालला आणि त्याच सुमारास त्याच्या दुसऱ्या भागाची घोषणा झाली. दुसरा भाग येण्याआधी पहिला नीट, मोठ्या पडद्यावर दुसऱ्यांदा पाहून घेतलेला प्रेक्षक हा नवाच प्रेक्षक आहे. त्याच्याकडे टीव्हीने घोटलेली आठवण नाही, ताजे पाहणे आहे, आणि त्यामुळे पुढच्या सिनेमाशी तो अधिक बरोबरीने वागेल असे मला वाटते.

‘झपाटलेला’चा तिसरा भागही जाहीर झाला आहे, आणि त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने लक्ष्याला पुन्हा पडद्यावर आणण्याचा मनोदय कोठारे यांनी बोलून दाखवला आहे. त्यामागे प्रेम आहे, याबद्दल शंका घेऊ नये. पण मला हा विचार पटत नाही. संगणकाने घडवलेला लक्ष्या पहिल्या पाहण्यात नक्कीच टाळी घेईल. दुसऱ्या पाहण्यात मात्र घरातले पोरगे त्याच्याकडे पाहून एवढेच म्हणेल की हा तो नाही. आणि तो समोर असल्यामुळे, दुसऱ्या भागात पाध्यांच्या बाहुल्याला मिळाली ती निवांत नजर या वेळी कुणालाच मिळणार नाही.